बॉल पायथॉनसाठी घरच्या घरी पेटी : मापं, लाकूड, ऊब आणि ओल

शेपूटवाला

मंडळी नमस्कार. आमच्या बाईसाहेब (बॉल पायथॉन जातीचा साप, मादी, लांबी सव्वा मीटरला थोडी कमी) सध्या काचेच्या टाकीत नांदतात. वर जाळीचं झाकण. दिसायला झकास, पण ओल टिकत नाही. सकाळी पाणी फवारावं आणि दुपारी आर्द्रतामापक पुन्हा पस्तिसावर. मागची कात अखंड न निघता पापुद्र्या-पापुद्र्यांनी निघाली, एका डोळ्यावरचा पडदा अडकून राहिला तो वेगळाच. जाळीवर ॲक्रिलिकचा तुकडा टाकून बघितला, तर ओल वाढली पण हवा कोंदली.

तेव्हा समोरून सरकत्या काचांची लाकडी पेटी स्वतःच करायची ठरवलंय. बाहेरून १२० × ६० × ६० सेंमी, १८ मिमी प्लाय, छताला सिरॅमिक हीटर. घरी ड्रिल आहे, जिगसॉ आहे, चिकाटीही बऱ्यापैकी आहे. लांब सरळ काप दुकानातूनच मारून घेईन. अडतंय ते असं: आतून लाकडाला काय लावायचं, काचांची मापं कशी काढायची, आणि हवेची भोकं कुठे नि किती. साप बंदिस्त पैदाशीतला आहे, कागदपत्रं रीतसर आहेत, तेव्हा त्या अंगाने चर्चा नको ही विनंती.

उंबरठा

विनंती वाचली, तरी लिहितो. सव्वा मीटरच्या जनावराला १२० सेंमीचा खोका? मग पाळायचं कशाला?

ओली माती

उंबरठा, पाळावं की नाही यावर वेगळा धागा काढा, मीही येईन भांडायला. पण त्याचा निकाल लागेपर्यंत हा साप जाळीच्या टाकीतच सुकत बसणार, म्हणून आधी हे.

मापाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. १२० × ६० × ६० हे पूर्ण वाढलेल्या बॉल पायथॉनसाठी हल्ली किमान धरतात, भरपूर नव्हे. साप अंग सरळ ताणू शकेल एवढी तरी लांबी हवीच. "बॉल पायथॉनला लहान जागाच आवडते" हे अर्धंच खरं आहे. त्याला लपायची जागा घट्ट लागते, राहायची नाही. रात्री आडवी फांदी दिली तर चढतो, फिरतो. शेपूटवाला, भिंतीला जागा असेल तर १५० करा. नसेल तर १२० मध्ये ६० उंचीचा पुरेपूर उपयोग करा, एक फळी-वजा कट्टा आणि एक जाड फांदी.

शेपूटवाला

जागा मोजली. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खिडकी, मध्ये १२५. तेव्हा १२०च. कट्ट्याची कल्पना आवडली.

करवत

१२० घेताय ते एका अर्थी सोयीचंच. ८ × ४ फुटी एका प्लायमध्ये जवळजवळ सगळं बसतं. हिशेब मांडतो, सगळं मिमीमध्ये.

प्लाय २४४० × १२२०. आधी उभा चिरून ६०० रुंदीच्या दोन पट्ट्या काढायच्या. करवतीच्या पात्याला प्रत्येक कापात ३ मिमी जातात हे विसरायचं नाही. पहिल्या पट्टीत बूड आणि छत, दोन्ही १२०० × ६००. दुसऱ्या पट्टीत पाठ ११६४ × ५६४ आणि दोन बाजू ६०० × ५६४. बाजू बूड आणि छताच्या मध्ये उभ्या राहतात, म्हणून ६०० मधून दोन वेळा १८ वजा करून ५६४. पाठ दोन बाजूंच्या मध्ये, म्हणून १२०० मधून ३६ वजा करून ११६४. दुसऱ्या पट्टीची बेरीज ११६४ + ५६४ + ५६४ = २२९२, वर तीन कापांचे ९. बसलं.

बसत नाहीत त्या समोरच्या दोन पट्ट्या: खालची १५० उंच (तळाला अंथरलेला भुसा अडवायला) आणि वरची ७० उंच (हीटर झाकायला आणि काचेची खाच धरायला). दोन्ही ११६४ लांब. त्या वेगळ्या तुकड्यातून. उरलेल्या कपच्या जोडून त्या करायचा मोह आवरा. काचेचं रूळ त्यांच्यावर बसणार आहे, तिथे सांधा नको.

जोडताना गोंद आणि स्क्रू दोन्ही. ४ × ५० चे स्क्रू, आधी बारीक भोक, नाहीतर प्लायच्या कडेचे थर फाटतात. गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. १२०० × ६०० च्या बुडाचे दोन्ही कर्ण १३४१–१३४२ यायला हवेत. नेमका आकडा चुकला तरी चालेल, पण दोन्ही कर्ण एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. इथे ३–४ मिमीचा फरक राहिला तर तो शेवटी काच सरकवताना छळतो.

वजन: १८ मिमी प्लायचं हे सगळं ३४–३५ किलोपर्यंत जातं, काच आणि भुसा धरून पन्नाशीच्या आसपास. एकट्याने उचलू नका.

हलका बोर्ड

पन्नास किलो! प्लायचा हट्ट का पण? पीव्हीसी फोम बोर्ड घ्या. पाणी पीत नाही, रंगवायला लागत नाही, वास नाही, पुसलं की स्वच्छ. बॉल पायथॉनसारख्या ओल मागणाऱ्या सापाला लाकूड म्हणजे आ बैल मुझे मार.

करवत

पीव्हीसीला स्क्रू नीट धरत नाही, १२० सेंमीला छत झोल खातं आणि हीटरच्या जवळ मऊ पडतं. बाकी छान आहे.

हलका बोर्ड

झोल खातं म्हणून मध्ये ॲल्युमिनियमची एल-पट्टी देतात. आणि हीटर बोर्डाला चिकटवून कोण लावतं? छताला लावायचं सपाट रेडियंट पॅनल मिळतं, ते पीव्हीसीसोबत उत्तम चालतं. लाकडाला आतून चार हात वॉर्निश, मग महिनाभर वास जायची वाट. माझी पेटी एका दिवसात उभी राहिली.

ओली माती

दोघांचंही बरोबर आहे, फक्त तुमचं भांडण सामानाचं आहे आणि सापाचं भांडण ओलीशी आहे. लाकूड असो की पीव्हीसी, पाणी शिरतं ते सांध्यातून आणि कापलेल्या कडेतून. प्लायचा पृष्ठभाग क्वचितच सडतो. बुडाचा कोपरा सडतो. तिथे भुसा ओला राहतो, सापाची लघवी साचते, आणि सहा महिन्यांनी थर फुगतात. शिवाय उघड्या सांध्यात माइट्सना (सापांवर जगणारी बारीक काळी परजीवी जात) घर मिळतं, आणि एकदा त्या लाकडात शिरल्या की काढणं जिकिरीचं.

तेव्हा प्लाय घ्या, पण असं करा. कडांवर दुप्पट हात. पाण्यावर आधारलेलं पॉलियुरेथेन वॉर्निश, आतून चार हात, मधे मधे बारीक पॉलिश पेपर. ते वाळल्यावर आतले सगळे सांधे सिलिकॉनने भरा, बुडाचे चार आणि उभे चार तर नक्कीच. सिलिकॉन मत्स्यालयाला चालणारं, साधं. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घातलेलं असतं, ते आत नको.

आणि "वाळलं" नि "पिकलं" यात गल्लत नको. वॉर्निश हाताला दोन-चार तासांत कोरडं लागतं, पण पुरतं पक्कं व्हायला तीन-चार आठवडे जातात. सिलिकॉन हवेतल्या ओलीवर पिकतं, साधारण दिवसाला २–३ मिमी खोलीपर्यंत, तोवर आंबूस वास येत राहतो. काचा न लावता पेटी उघडी, वाऱ्यावर ठेवा. मग दोन दिवस बंद करून, आत हीटर चालू ठेवून, एकदम उघडा आणि नाक आत घाला. कसलाही वास आला तरी अजून थांबा.

अधूनमधून

वाचतेय, वाखू (वाचनखूण) साठवली. एक भाबडा प्रश्न. आमच्याकडे पुस्तकांचं जुनं कपाट पडून आहे, त्याला आडवं करून समोर काच लावली तर?

करवत

कपाट कशाचं आहे ते कडेला बघा. भुशाचा दाबलेला बोर्ड असेल आणि वर मायका, तर वरून ठणठणीत दिसेल पण स्क्रूच्या भोकातून पाणी प्यायला लागला की पुरीसारखा फुगतो. एमडीएफचंही तेच. तरी कोरड्यात राहणाऱ्या सापाला, सगळ्या कडा नि भोकं बंद करून, चालून जाईल. खरी अडचण पाठीमागची. कपाटांना पाठ म्हणून ३ मिमीचा पातळ हार्डबोर्ड खिळ्यांनी ठोकलेला असतो. साप नाकाने कोपरा दाबत राहतो, रोज, तासन्‌तास. एक दिवस खिळा सुटतो. पाठ काढून १२ मिमी प्लाय स्क्रूने बसवा, मग बोलू.

न्यूट्रल वायर

लाकडाचं भरपूर झालं, आता ज्याने आग लागते त्याबद्दल बोलू.

धागाकर्त्याने सिरॅमिक हीटर म्हटलंय. चांगला आहे: उजेड देत नाही, रात्री चालतो, कोरडी ऊब देतो (ही कोरडेपणाची बाजू ओली माती सांगतीलच). पण त्याचा पृष्ठभाग इतका तापतो की साप एकदा बिलगला तर भाजलाच. साप भाजतोय हे कळूनही लगेच सरकत नाही, हे पाळणाऱ्या प्रत्येकाने डोक्यात कोरून ठेवावं. म्हणून भोवती तारेचा पिंजरा हवाच, आणि पिंजरा हीटरपासून सगळीकडून काही बोटं लांब, कारण साप पिंजऱ्यालाच वेटोळं घालून बसतो.

होल्डर चिनीमातीचा. प्लॅस्टिकचा होल्डर काही महिन्यांत ठिसूळ होऊन तुटतो. होल्डर थेट प्लायला लावू नका. मधे पत्रा, आणि पत्रा व प्लायमध्ये नळीचे तुकडे घालून बोटभर हवेची फट. वायर उष्णता सोसणाऱ्या आवरणाची. भिंतीतून बाहेर काढताना भोकात रबरी कडं. बाहेर वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. आणि तो प्लग गळतीवर तुटणाऱ्या ब्रेकरमागे असावा. पाण्याचं भांडं, फवारणी आणि वीज एकाच खोक्यात आहे, हसण्यावारी नेऊ नका.

थर्मोस्टॅट ऐच्छिक नाही. हे मोठ्याने वाचा. सिरॅमिकला पल्स (वीज छोट्या छोट्या ठोक्यांनी देणारा) किंवा डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) पद्धतीचा उत्तम. साधा चालू-बंद करणाराही चालतो, पण तापमान वर-खाली हिंदकळतं. उजेडाचा बल्ब लावायचा असेल तर डिमिंगच, नाहीतर बल्ब दिवसभर डोळा मारत बसतो.

शेपूटवाला

हे सोनं आहे. थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे? बहुतेक जण तळाला, हीटरच्या बरोब्बर खाली ठेवतात असं वाचलं.

न्यूट्रल वायर

तिथेच नको. विचार करा: ऊब वरून येतेय, सेन्सर तळाला आहे आणि साप त्याच्यावर येऊन बसला. सेन्सर सावलीत गेला, त्याला वाटलं गारठा पडला, त्याने हीटर पूर्ण सोडला. आणि वर सापाची पाठ.

उष्ण बाजूच्या भिंतीवर, सापाच्या पाठीच्या उंचीला, थोडा बाजूला लावा. मग ज्या जागी साप बसणार तिथलं पृष्ठभागाचं तापमान बंदुकीच्या थर्मामीटरने मोजा. समजा भिंतीवर २९ असताना तळाच्या दगडावर ३३ येतं, तर थर्मोस्टॅट २९ ला. आकड्याला देव मानू नका, दोन आकड्यांतला फरक तेवढा ओळखून ठेवा. बंदूक चकचकीत धातूवर किंवा काचेआडून रोखू नका, खोटं सांगते.

सेन्सर चिमट्याने आणि स्क्रूने पक्का. तो निसटून थंड बाजूला पडला तरी हीटर असाच पेटत राहतो.

आणि शेवटचं, जे कुणी करत नाही: दुसरा, साधा थर्मोस्टॅट त्याच लाइनीत, तीन-चार अंश वर लावलेला. पहिला बिघडतो तेव्हा बरेचदा चालू अवस्थेतच चिकटून बसतो. दुसरा तोडतो.

ओली माती

न्यूट्रल वायर यांना शंभरदा +१. चिमटा आणि स्क्रू यावर माझीही एक पुस्ती: आत कुठेही चिकटपट्टी नको. कसलीच नको, "फक्त तात्पुरती" तर मुळीच नको. उबेने आणि ओलीने पट्टीची कड सुटते, साप तिच्यावरून जातो, गोंद खवल्यांना धरतो. मग तेल लावून तासभर सोडवत बसा, आणि तरी कातडी सोलवटतेच.

आकडे: उष्ण बाजूला बसायच्या जागी ३२ ते ३४, थंड बाजूला २५ ते २७, रात्री कुठेच २३–२४ च्या खाली नको. आर्द्रता ६० ते ७० च्या आसपास, कात टाकायच्या दिवसांत आणखी थोडी वर. लपायच्या जागा दोन, एक उष्ण बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो जवळजवळ नेहमी सुरक्षितता निवडतो. मग लोक म्हणतात माझा साप उबेला येतच नाही. लपण इतकं लहान की अंग तिन्ही बाजूंनी टेकलं पाहिजे.

हीटिंग पॅड बुडाखाली लावायचा विचार कुणी करत असेल तर सोडा. काचेखाली ठीक. १८ मिमी प्लाय ऊब अडवतो. वर साप गार आणि खाली पॅड तापून लाकूड करपतं.

हवेची भोकं. थंड बाजूला खाली आणि उष्ण बाजूला वर. गरम हवा वरून बाहेर पडते, तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा येते, पंखा न लावता. दोन्ही बाजूला दोन-दोन गोल जाळ्या पुरेत. जास्त केल्या तर तुमच्या टाकीचंच झाकण पुन्हा बनवल्यासारखं होईल. कमी वाटलं तर भोक नंतरही पाडता येतं. जाळी पातळ तारेची नको, भोकाभोकांचा पत्रा घ्या, कडा बाहेरच्या बाजूला. तारेच्या जाळीवर नाक घासून घासून ओठाजवळ जखम होते, हे टाकीवाल्यांना माहीतच असेल.

गुळगुळीत दगड

मध्येच घुसते. माझ्याकडे कॉर्न स्नेकचं पिल्लू आहे, पेन्सिलीएवढं. हाच आराखडा लहान करून वापरू का?

करवत

नको. दोन सरकत्या काचा एकमेकींवर येतात तिथे मधे उभी फट राहते, रुळाच्या बनावटीवर ४–६ मिमी. सापाचं डोकं गेलं की साप गेला. तुमचं पिल्लू तेवढ्यातून टाटा करेल.

गुळगुळीत दगड

फटीत पारदर्शक रबरी पट्टी मिळते ना?

करवत

मिळते, आणि चांगली आहे. मोठ्या सापाला. पिल्लू ती दाबून वाकवतं.

ओली माती

पिल्लाला वर्षभर तरी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, कडेने बारीक भोकं पाडून. एवढ्याशा जिवाला मोठ्या पेटीत भरपूर आडोसे दिले तर तो तिथेही रमतो, पण तुमचा प्रश्न फटीचा आहे. कॉर्न स्नेकला ऊबही थोडी कमी लागते, २९ ते ३१, आणि ओल ४० ते ६०. म्हणजे बॉल पायथॉनचा आराखडा तसाच उचलायचा नाही.

शेपूटवाला

प्रगती. सांगाडा उभा राहिला, कर्ण दोन्ही १३४२. वॉर्निशचा तिसरा हात झालाय. आता काचवाल्याकडे जायचंय. दार-उघाडी ११६४ रुंद, ३४४ उंच. करवतभाऊ, मापं सांगा.

करवत

रूळ आधी चिकटवा, काच नंतर मागवा. उलटं करू नका.

रुळांची जोडी असते: वरचा खोल, खालचा उथळ. काच वरच्या खाचेत पूर्ण घुसवायची, मग तळ खालच्या खाचेवर आणून खाली सोडायची. तेव्हा उंची अशी: खालच्या खाचेच्या तळापासून वरच्या खाचेच्या छतापर्यंत मोजा, त्यातून खालच्या खाचेच्या कडेची उंची वजा करा, आणखी २ मिमी वजा. एवढी काच उचलली की खालच्या कडेवरून सुटते, आणि खाली सोडली की वर खाचेतच राहते. तीन ठिकाणी मोजा, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. सगळ्यात लहान माप धरा.

रुंदी: दोन काचा ३० मिमी एकमेकींवर येऊ द्या. ११६४ + ३० = ११९४, भागिले दोन, ५९७. दोन्ही ५९७.

५ मिमी काच, चारी कडा घासून. टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेली) करणार असाल तर मापं दहा वेळा तपासा, ती नंतर कापता येत नाही. बोट धरायला खाच हवी असेल तर तीही भट्टीत जायच्या आधी. ॲक्रिलिक घेऊ नका, आत ओल आणि बाहेर कोरडं असलं की ते धनुष्य होतं.

कुलूप शोकेसला असतं ते दातेरी पट्टीचं. लावाच. बॉल पायथॉन सुस्त दिसतो म्हणून फसू नका, काच नाकाने सरकवायला त्याला रात्र पुरते.

उंबरठा

मान्य करतो, एवढा विचार लोक स्वतःच्या घराचा करत नाहीत. पण एक विचारू? हे सगळं करून साप लगेच आत?

ओली माती

मुळीच नाही, आणि प्रश्न चांगला विचारलात. रिकामी पेटी आठवडाभर चालवायची. भुसा, पाणी, लपणं सगळं जागेवर, फक्त साप नाही. दोन्ही टोकांना किमान-कमाल लक्षात ठेवणारे डिजिटल थर्मामीटर. काचेवर चिकटवायची घड्याळासारखी तबकडी असते ती नको. खोलीतला सगळ्यात गरम दिवस आणि सगळ्यात गार रात्र त्यात यायला हवी.

शेपूटवाला

काचा बसल्या, मापं तंतोतंत. पेटी रिकामी चालू आहे. तळाला नारळाच्या सालीचा भुसा ८ सेंमी. दोन गोष्टी खटकताहेत.

एक, थंड बाजूला आर्द्रता ६२, उष्ण बाजूला ४१. एकाच पेटीत! मापक अदलाबदल करून पाहिले, मापक ठीक आहेत.

दोन, हीटरच्या वरचा छताचा प्लाय बाहेरून हाताला चांगलाच कोमट लागतो. पत्रा आणि फट दिलेली आहे.

ओली माती

पहिल्याचं उत्तर: पेटी ठीक आहे, हवा तशीच वागते. गरम हवेची पाणी धरायची ऐपत जास्त. २५ अंशांना एका घनमीटरात साधारण २३ ग्रॅम बाष्प मावतं, ३२ अंशांना जवळपास ३४. म्हणजे थंड बाजूची ६० टक्क्यांची हवा सरकत उष्ण बाजूला आली, पाणी तेवढंच राहिलं, की मापकावर तीच हवा ४० च्या आसपास दिसणार. तुमचे आकडे अगदी पुस्तकी आहेत.

म्हणून उष्ण बाजूचा आकडा ६५ वर न्यायच्या नादात फवारत सुटू नका, थंड बाजूला पाणी साचेल आणि पोटाखालची खवलं सडतील. भुशाच्या खालच्या थरात, कोपऱ्यातून, पाणी ओता आणि वरचा थर कोरडा राहू द्या. खालून सावकाश वाफ येत राहते. पाण्याचं जड, रुंद भांडं मध्याच्या थोडं उष्ण बाजूला सरकवा. आणि उष्ण बाजूच्या लपणात ओलं शेवाळ ठेवा, म्हणजे तेवढ्या बंद जागेत ऊबही मिळेल आणि ओलही. कात टाकायच्या वेळी ती तिथेच जाऊन बसेल.

न्यूट्रल वायर

दुसऱ्याचं: "कोमट" म्हणजे किती? बंदूक घ्या, बाहेरून आणि आतून दोन्हीकडून मोजा. हात टेकवून ठेवता येतो का?

शेपूटवाला

बाहेरून ३८. आतून पत्र्याशेजारच्या प्लायवर ५२. हात निवांत टेकवता येतो. हीटर १०० वॉटचा, थर्मोस्टॅट बहुतेक वेळ निम्म्या ताकदीवर चालवतोय.

न्यूट्रल वायर

मग घाबरायचं कारण नाही. पण छतावर पुस्तकं, कापडं, दुसरी पेटी असलं काही ठेवू नका, उष्णता कोंडेल. निम्म्या ताकदीवर चालतोय म्हणजे वॉटही बरोबर निवडलात. पूर्ण ताकदीवर सतत पेटलेला असता तर हीटर अपुरा, कायम किमानवर असता तर नको तेवढा मोठा.

दुसरा थर्मोस्टॅट तपासलात का? पहिल्याचा सेन्सर बाहेर काढून गार हवेत धरा आणि बघत बसा. दुसऱ्याने तोडायला हवं. साप आत जायच्या आधी हे करून घ्या, नंतर धीर होणार नाही.

शेपूटवाला

केलं. ३७ ला तोडलं. भयंकर समाधान.

हलका बोर्ड

मानलं बुवा. पुढच्या वेळी पीव्हीसी.

करवत

पुढच्या वेळी पण प्लाय.

शेपूटवाला

बाईसाहेब काल आत गेल्या. जुन्या टाकीतलं एक लपण आणि ओंजळभर जुना भुसा सोबत दिलाय, ओळखीचा वास राहावा म्हणून. रात्री सगळ्या कडा नाकाने तपासून झाल्या, चारी कोपरे, दोन्ही बाजूंच्या जाळ्या, काचेची मधली फट. नंतर कट्ट्यावर. आठवडाभर हात लावणार नाही, खायलाही नंतरच. थंड बाजू २६ अंश / ६४ टक्के, उष्ण लपणाच्या आत ३१ / ७१.

अधूनमधून

मस्त! मी कपाटाची पाठ उचकटली. खरंच ३ मिमी निघाली, आणि खिळे चारच. एक शंका: आतला भुसा खालच्या रुळात पडून काच अडकत नाही का?

करवत

पडतो. म्हणूनच खालची पट्टी १५० आणि भुसा ८०–१०० च्या वर भरायचा नाही. तरी साप उकरतोच. रुळात जुना रंगाचा ब्रश फिरवा, आणि मेण घासा, तेल नको, तेलावर भुसा चिकटून बसतो. आणि तुमच्या कपाटाच्या तळफळीची जाडी मोजून टाका इथे, १२० ला ती मधे झोल खाणार असेल तर रूळ बसवायच्या आधी खालून एक आडवी पट्टी द्यावी लागेल.